कोचं झाड: नॉम पेन्ह ते अंगकोर, आठ दिवस

दिवस पहिला, 5 जानेवारी 2025

आधी सांगून टाकते, आम्ही निघालो होतो अंगकोर वाट बघायला, बाकी काही डोक्यात नव्हतं. ताई कोल्हापूरला कॉलेजात बॉटनी शिकवायची, गेल्या जूनमध्ये रिटायर झाली आणि तेव्हापासून तिचं चालू होतं की देवळाच्या भिंतीवर उगवलेली ती झाडं एकदा बघायचीच. मला देवळं चालतात, झाडं चालतात, आणि ताई पैसे भरणार असेल तर काहीही चालतं. मुंबईहून बँकॉक, तिथे सहा तास बसून पाय सुजवून घेतले आणि संध्याकाळी नॉम पेन्हला उतरलो. कंबोडियात डॉलर चालतात, सुट्टे मात्र रिएलमध्ये परत मिळतात, एका डॉलरला चार हजारच्या आसपास, त्यामुळे पहिल्याच दिवशी पर्समध्ये लाखभर आले आणि ताई म्हणाली बघ, लखपती झालीस.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत नऊ वर्षं बातमीदार होते. सहा वर्षांपूर्वी सोडलं. का सोडलं ते येईल पुढे. आता पुण्यात बिल्डरची माहितीपत्रकं लिहिते, "निसर्गाच्या कुशीत दोन बीएचके" वगैरे.

दिवस दुसरा, 6 जानेवारी

सकाळी नुसतं भटकायचं ठरलं होतं. वाट फ्नोम टेकडीवरून चालत चालत जुन्या ल रॉयाल हॉटेलच्या बाजूला आलो, फोटोबिटो काढायला, आणि समोरच्या बागेत एक दगडी स्मारक दिसलं. कुणी थांबत नव्हतं तिथे. मी थांबले कारण नावांची यादी दिसली की मी वाचतेच, सवय आहे. 1970 ते 75 च्या युद्धात इथे मारले गेलेले किंवा बेपत्ता झालेले पत्रकार आणि फोटोग्राफर, 37 जण. 2013 साली उभारलंय. समोरचं ते हॉटेल म्हणजे त्या काळी सगळ्या परदेशी बातमीदारांचा अड्डा, तिथून सकाळी टॅक्सी करून लढाई "कव्हर" करायला जायचं आणि संध्याकाळी परत येऊन बातमी पाठवायची. काही टॅक्सी परत आल्या नाहीत.

त्यातला एक आपला होता. रमणिक लेखी, सीबीएस या अमेरिकन टीव्ही चॅनेलचा भारतीय कॅमेरामन, 31 मे 1970 ला तीन नंबरच्या हायवेवर ताकेओच्या बाजूला त्यांच्या टीमवर हल्ला झाला त्यात गेला. मी नऊ वर्षं पत्रकारितेत काढली आणि हे नाव कधी ऐकलं नव्हतं, याची लाज वाटली थोडी. ताई बाजूला उभी राहून झाडाची पानं बघत होती, तिला म्हटलं अगं इकडे ये. आली, वाचलं, आणि म्हणाली याच्या घरी कोण असेल गं आता.

दुपारी जेवणाचे हाल. आम्ही दोघी शाकाहारी, आणि इथे प्राहोक म्हणजे आंबवलेल्या माशाची चटणी कशाकशात असते देव जाणे. शेवटी तांदळाच्या शेवया आणि हिरव्या पालेभाज्या नुसत्या मागून घेतल्या. ओल्या नारळाचं पाणी आणि उसाचा रस यावर पुढचे सगळे दिवस निघाले.

दिवस तिसरा, 7 जानेवारी

आज सुट्टी. 7 जानेवारी 1979 ला व्हिएतनामच्या फौजा आणि त्यांच्यासोबतचे कंबोडियन बंडखोर शहरात शिरले आणि हुकूमशहा पोल पॉटचं राज्य संपलं, तो दिवस. 17 एप्रिल 1975 पासून पावणेचार वर्षं, आणि तेवढ्यात साधारण 17 लाख किंवा त्याहून जास्त माणसं गेली, म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक. उपासमार, आजार, मारहाण, आणि सरळ कत्तल.

आम्ही तुओल स्लेंगला गेलो. एस-21, पोल पॉटच्या काळातला छळाचा तुरुंग. आधी ते हायस्कूल होतं. आणि शाळा आहे हे विसरताच येत नाही ना, तसाच लांब व्हरांडा, वर्गात तशाच पिवळ्या-पांढऱ्या फरश्या, अंगणात व्यायामाचा खांब, फक्त त्या खांबाला माणसं उलटी टांगायचे. अंगणात कैद्यांसाठीच्या नियमांचा बोर्ड आहे, त्यात एक नियम असा की फटके बसताना किंवा शॉक देताना अजिबात रडायचं नाही. ताई चाळीस वर्षं शिकवत होती, ती तो बोर्ड वाचून एकदम म्हणाली, "हाताची घडी, तोंडावर बोट." आणि मग दहा मिनिटं काही बोलली नाही. आत एक पाटी आहे, हसणाऱ्या चेहऱ्यावर लाल काट. इथे हसायचं नाही. कोण हसणार आहे, पण असतील कुणी सेल्फीवाले.

फोटोंच्या खोल्या सगळ्यात जड जातात. आणलेल्या प्रत्येक कैद्याचा फोटो काढायचे, नंबर लावून, नीट फोकस करून. हजारो चेहरे. सगळी कागदपत्रं, जबान्या, याद्या, एवढी टापटीप की आमच्या तहसीलमध्ये सातबारा तेवढा नीट नसेल. या कागदपत्रांना युनेस्कोने 2009 मध्ये जागतिक वारशाच्या दस्तऐवजात घेतलंय. पंधरा-अठरा हजार माणसं इथून गेली आणि जिवंत बाहेर आली ती बाराच्या आसपास.

आणि ही जागा जगाला कळली कशी? वासावरून. जानेवारी 79 मध्ये व्हिएतनामी सैन्यासोबत आलेला हो वान ताय नावाचा कॅमेरामन, तो आणि त्याचे सोबती दुर्गंधीच्या दिशेने चालत गेले, आत शिरले, खाटांना बांधलेली प्रेतं होती, त्यांनी शूट केलं. पुढे 20 वर्षांनी या तुरुंगाचा प्रमुख डुच, जो नाव बदलून लपला होता, त्याला शोधून काढलं ते पण एका फोटोग्राफरने, निक डनलपने, 1999 मध्ये, खिशात डुचचा जुना फोटो घेऊन फिरत होता तो. म्हणजे पोलीस नाही, कोर्ट नाही, एक कॅमेरावाला आणि दुसरा कॅमेरावाला. कोर्ट नंतर आलं, 2006 ला, यूनोच्या मदतीने, आणि 2022 पर्यंत सोळा वर्षं चालून शिक्षा झाली तीन जणांना.

बाहेर आमचा टुकटुकवाला थांबला होता. पन्नाशीचा असेल. मला "बोंग" म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ किंवा थोरली बहीण, दोन्हीला एकच शब्द, मला फार आवडला. त्याचा थोरला भाऊ आणि आजोबा त्या काळात गेले. हे तो अगदी मोकळेपणी सांगत होता, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कालव्यावर काम करताना, दिवसाला किती चमचे पेज मिळायची, सगळं. मग मी सहज विचारलं की डिसेंबरमध्ये अंगकोरजवळच्या सिएम रीपकडे त्या पत्रकाराला गोळी घातली ना, त्याचं काय झालं पुढे? तो आरशात माझ्याकडे बघून हसला आणि उसाचा रस कुठला चांगला ते सांगायला लागला.

(ती बातमी मी निघायच्या आधी वाचली होती. छोएंग छेंग, 63 वर्षांचे, जंगलतोडीवर लिहायचे, 4 डिसेंबरला बोएंग पेर अभयारण्याच्या भागात अवैध तोडीची माहिती काढताना गोळी लागली, तीन दिवसांनी गेले. एकाला अटक झाली लगेच.)

रात्री हॉटेलच्या लॉबीत दोन पोरं मोबाईलवर काहीतरी बघत होती, चेहरे पडलेले. बँकॉकमध्ये भर रस्त्यात लिम किम्या नावाच्या माणसाला गोळ्या घातल्या होत्या, इथला जुना विरोधी पक्षाचा खासदार, फ्रेंच बायकोबरोबर सिएम रीपहून बसने नुकताच पोचला होता. त्याचा पक्षच 2017 मध्ये कोर्टाने बरखास्त केला होता. आणि हा खून कत्तलीतून सुटकेच्या सुट्टीच्या दिवशीच. मी रिसेप्शनवर विचारलं हे कोण, तर मुलगी म्हणाली मला राजकारण कळत नाही मॅडम, उद्या ब्रेकफास्ट सात वाजता.

दिवस चौथा, 8 जानेवारी

सकाळी चोएंग एक, म्हणजे शहराबाहेर जिथे एस-21 मधल्या लोकांना ट्रकने नेऊन मारायचे ते मैदान. काचेचा स्तूप, आत कवट्या, वयानुसार लावलेल्या. पाऊस पडला की अजून जमिनीतून कपड्यांच्या चिंध्या वर येतात, आम्हाला पायवाटेवर दिसल्या. याच्यावर जास्त लिहवत नाही. कानाला हेडफोन लावून फिरायचं असतं, शंभर माणसं आणि एकाचाही आवाज नाही.

जाताना-येताना रस्त्याच्या बाजूला एक मोठं तळं वाळूने भरत आणलंय, टोम्पुनचं, त्यावर नवीन शहर होतंय, आणि वाळूचे डंपर एकामागोमाग एक. मी नाक दाबून टुकटुकमध्ये बसले होते आणि पोटात गोळा आला. डंपर बघितला की मला अजून येतो.

दुपारी एकाला भेटायचं होतं. पुण्यातल्या एका मैत्रिणीने, जी तिकडे एनजीओत होती, नंबर दिला होता, माणूस आधी इंग्रजी पेपरात बातमीदार होता, आता कॉफीची गाडी चालवतो. गाडी म्हणजे टुकटुकच्या मागे मशीन. चांगली कॉफी करतो, कंडेन्स्ड मिल्क घालून, ताईने दोन प्यायल्या.

तो बोलला. हळू आवाजात, पण बोलला. त्याने जे सांगितलं ते बहुतेक सगळं छापून आलेलंच आहे, पण त्याच्या तोंडून एका दमात ऐकताना वेगळं वाटलं. कंबोडिया डेली, 1993 पासूनचा पेपर, भीड ठेवणार नाही भीती ठेवणार नाही असं ब्रीद, 2017 ला सरकारने 63 लाख डॉलरचा टॅक्स लावला आणि महिन्याभराची मुदत दिली, 4 सप्टेंबरला शेवटचा अंक, त्याच्या आदल्याच रात्री विरोधी पक्षाच्या नेत्याला अटक, तर शेवटची हेडलाईन "उघड हुकूमशाहीकडे घसरण" अशा अर्थाची. मग नॉम पेन्ह पोस्ट, तो 2018 ला एका मलेशियन मालकाला विकला गेला आणि 2024 च्या मार्चमध्ये छपाई बंद. रेडिओ फ्री एशियाचं ऑफिस 2017 ला बंद, त्यांच्या दोन जुन्या बातमीदारांना हेरगिरीच्या आरोपाखाली आत टाकलं. मग राहिलं व्हीओडी, व्हॉइस ऑफ डेमोक्रसी, ते 2023 च्या फेब्रुवारीत एका वाक्यावरून गेलं. तुर्कस्तानच्या भूकंपाला मदत देण्याच्या कागदावर पंतप्रधान हुन सेन यांच्या ऐवजी त्यांच्या मुलाने सही केली असं एका अधिकाऱ्याच्या हवाल्याने छापलं, हुन सेन भडकले, माफी मागा म्हणाले, मग माफी पुरेशी नाही म्हणाले, लायसन्स रद्द. फेसबुकवरून. तो मुलगा सहा महिन्यांत पंतप्रधान झाला.

"टॅक्स, लायसन्स, चिथावणीचं कलम," तो बोटांवर मोजत म्हणाला, "गोळी क्वचितच लागते." गोळी क्वचित का लागते तेही त्याने सांगितलं, पण ते मी इथे लिहीत नाही, कारण तो कसा ओळखू येईल मला माहीत नाही.

मेच दाराचं नाव मी काढलं. सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर, जिथे नोकरीच्या आमिषाने आणून माणसांना डांबतात (आपल्याकडची पोरं पण सापडलीत त्यात, नोकरीला म्हणून गेलेली), त्यावर सगळ्यात चिकाटीने लिहिणारा हा मुलगा, 2023 मध्ये अमेरिकेने त्याचा सन्मान केला, आणि 30 सप्टेंबर 2024 ला घरच्यांबरोबर गाडीतून येताना टोलनाक्यावर पकडला. काही फेसबुक पोस्टवरून चिथावणीचं कलम. तुरुंगातून माफीचा व्हिडिओ आला, 24 ऑक्टोबरला जामीन, आणि बाहेर आल्यावर तो म्हणाला की आता पत्रकारिता सोडतोय, हिंमत उरली नाही.

कॉफीवाला म्हणाला, त्याला कुणी नावं ठेवत नाही इथे. मग त्याने ते झाड सांगितलं. ख्मेर भाषेत "को" म्हणजे मुका आणि "को" सारख्याच उच्चाराचं एक झाड पण आहे, तर पोल पॉटच्या काळात म्हातारी माणसं सांगायची, दारात कोचं झाड लाव. मुका राहा, जगशील. "आई मला अजून फोनवर विचारते, लावलंस का झाड?"

ताई लगेच, कुठलं झाड ते? त्याने फोनवर फोटो काढून दाखवला. ताई म्हणाली, अगं ही तर पांढरी सावर! आजीच्या उशीतला कापूस!

मग त्याने मला विचारलं, तू का सोडलंस. मी म्हटलं, वाळू. आमच्या नदीतून रात्री वाळू काढायचे, किती डंपर, कुणाचे, कुठल्या घाटावर, मी तीन रात्री बसून मोजले होते, बातमी लिहिली, छापायच्या आधीच फोन आला, मला नाही, बाबांना. आमच्या घराचा रंग सांगितला फोनवर. ऑफिसात वरिष्ठ म्हणाले राहू दे सध्या. सध्या म्हणजे आजतागायत. तो हसायला लागला, "इथे पण वाळू, तिथे पण वाळू," आणि माझ्या कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

हॉटेलवर येऊन मी पत्रकार-स्वातंत्र्याची ती जागतिक यादी बघितली, 180 देशांची, मला कंबोडियावर तोंड वर करून बोलायचं होतं ना. 2024 च्या यादीत कंबोडिया 151. भारत 159. लॅपटॉप मिटला. (हे लिहिताना 2025 ची आलीये, आपण 151 वर आणि ते 161 वर गेलेत. आनंद मानायचा का कसं ते तुम्ही ठरवा.)

दिवस पाचवा, 9 जानेवारी

सिएम रीपची बस, सहा तास. निघताना मोनिवोंग रस्त्याच्या कोपऱ्यावरून गेलो, तिथल्या एका पेट्रोल पंपाच्या दुकानात 10 जुलै 2016 ला सकाळी कॉफी पिताना केम लेय यांना मारलं. रेडिओवर साध्या भाषेत राजकारण समजावून सांगायचे, शेतकऱ्यांना कळेल असं, आणि तीनच दिवस आधी पंतप्रधानांच्या कुटुंबाच्या धंद्यांवर एक अहवाल आला होता त्यावर ते बोलले होते. मारेकऱ्याने पकडल्यावर स्वतःचं नाव सांगितलं, त्याचा अर्थ होतो "भेटू आणि मारू". खरंच. उधारीचं भांडण म्हणाला. जन्मठेप झाली त्याला, पुढे कुणी मागे जाऊन बघितलं नाही. अंत्ययात्रेला एवढे लोक आले होते की शहराबाहेर पडायलाच तासन्‌तास लागले, म्हणजे को वगैरे सगळं खरं असलं तरी एक दिवस सगळ्यांनी पायाने बोलून घेतलं.

बसमध्ये ताई खिडकीला. दोन तासांनी ओरडली, ती बघ! भातशेताच्या बांधावर, पानं झडलेली, फांद्या विजेच्या खांबासारख्या आडव्या, सरळ उभी सावर. मग पुढे तिला घरोघरी दिसायला लागली. इथे उशा-गाद्यांसाठी लावतातच म्हणे अंगणात. मला वाटलं होतं म्हण असेल नुसती.

दिवस सहावा आणि सातवा

अंगकोर. एका दिवसाचं तिकीट 37 डॉलर, तीन दिवसांचं 62, आम्ही तीन दिवसांचं काढून दोनच दिवस फिरलो. पहाटे चारला उठून सूर्योदय बघितला, पाच हजार मोबाईलांच्या मागून. समुद्रमंथनाची भिंत बघताना ताई एकेक राक्षस मोजत होती. 1986 ते 93, इथे युद्ध अजून धुमसत असताना, आपल्या पुरातत्त्व खात्याने हे देऊळ साफ केलं आणि दुरुस्त केलं, ते गाईडने आवर्जून सांगितलं, आपण भारतीय म्हटल्यावर. ता प्रोह्ममध्ये, म्हणजे भिंतीवर झाडं उगवलेल्या त्या देवळात, पण आपले लोक काम करत आलेत.

ता प्रोह्मला ताईची परीक्षा. गाईड म्हणाला हे सिल्क कॉटन, मी म्हटलं म्हणजे को? ताईने पाचदा वर बघितलं, खाली पडलेलं पान उचललं, आणि म्हणाली नाही, हे वेगळं, टेट्रामेलेस, स्थानिक नाव स्पोंग असणार. गाईड खूश, हो हो स्पोंग, टुरिस्टांना सिल्क कॉटन सांगितलं की पटकन कळतं.

सिएम रीप म्हणजे डिथ प्रानचं गाव. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदाराबरोबर काम करायचा, 75 ला गोरे पत्रकार बाहेर गेले आणि हा अडकला. चार वर्षं त्याने आपण शिकलेलो आहोत हे कळू दिलं नाही, अडाणी टॅक्सीवाला म्हणून राहिला. 79 ला थायलंडच्या सीमेपर्यंत चालत गेला. पुढे अमेरिकेत जाऊन परत कॅमेरा हातात घेतला. इतकं सावरीखाली राहून परत तोंड उघडणारी माणसं असतात.

रात्री बाजारात फिरताना माझ्या डोक्यात एक काजूची बाग अडकून बसली होती. 2012 ला इथल्याच रतनाकिरी प्रांतात, हांग सेरेई ओउदोम नावाच्या बातमीदाराचा मृतदेह त्याच्याच गाडीच्या डिकीत सापडला, काजूच्या बागेत उभी होती गाडी. लाकूड चोरीवर लिहायचा. मी कोकणातली, काजूच्या बागेत गाडी म्हणजे मला अगदी लाल मातीसकट दिसते. आणि मग राजापूर दिसतं. 6 फेब्रुवारी 2023, शशिकांत वारिशे, रिफायनरीच्या बातम्या देणारे, पंपाजवळ त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी गेले. ज्याच्याविरुद्ध त्यांची बातमी आली होती त्यालाच अटक झाली. मी तेव्हा माहितीपत्रक लिहीत होते.

दिवस आठवा, 12 जानेवारी

ताईने बाजारातून सावरीच्या कापसाची छोटी उशी घेतली. एअरपोर्ट शहरापासून बराच लांब नेलाय, तासभर टुकटुकमध्ये. हा दुसरा टुकटुकवाला, तरुण, फेसबुकवर फार, मी पत्रकार होते हे ताईने त्याला सांगून टाकलं (ताईला झाडाचं नाव कळतं, कुठे गप्प बसायचं ते नाही). तो जरा वेळ गप्प झाला आणि मग उतरताना सामान खाली ठेवत म्हणाला, बोंग, काही लिहिलंस तर माझं नाव नको.

म्हणून त्याचं नाव नाही लिहिलं, पहिल्या टुकटुकवाल्याचं नाही, रिसेप्शनवरच्या मुलीचं नाही, कॉफीवाल्याचं तर नाहीच. डंपरवाल्याचं पण नाही लिहिलं. तो मात्र मला नको म्हणाला नव्हता.